स्थिरचित्र कॅमेऱ्याने चित्रीकरण

मुळात स्थिरचित्रांसाठी घडवलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने ध्वनीसह चलच्चित्रे टिपण्याची पद्धती. डीएसएलआर प्रकारात (पहा : कॅमेरा) ही सोय २००८ मध्ये निकॉन डी९० ने प्रथम आणली, त्याच वर्षीच्या कॅनन ५डी मार्क टूने ती १९२०×१०८० बिंदूंपर्यंत नेली. त्याच्या ३६×२४ मिमी. संवेदकामुळे क्षेत्रखोली (पहा : भिंग) उथळ मिळते : चेहरा रेखीव, मागची भिंत धूसर. मंद प्रकाशातही चित्र स्वच्छ येते. मात्र संवेदक ओळीओळीने वाचला जात असल्याने कॅमेरा झटकन फिरवल्यास उभे खांब तिरपे दिसतात. ध्वनिमुद्रण बहुधा स्वतंत्र यंत्रावर करतात. ४ जीबीच्या फाइलमर्यादेमुळे मार्क टूवर सलग चित्रीकरण सुमारे १२ मिनिटेच होई. ‘हाउस’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा अखेरचा भाग (२०१०) याच कॅमेऱ्याने चित्रित झाला.