तळघरात उरलेले तेल

३१ डिसेंबर २०२५ रोजी भारतात एका तेलाचा वापर कायद्याने संपला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ६ एप्रिल २०१६ रोजी काढलेल्या आदेशाने पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजेच पीसीबी, या रसायनगटाचे उत्पादन आणि आयात यांवर बंदी घातली होती. आधीपासून वापरात असलेल्या उपकरणांना मात्र २०२५ च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली होती. पीसीबी म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रॉनिक मंडलाची हिरवी पाटी येते. हे पीसीबी ते नव्हे. हा एक जड, तेलकट द्रव आहे आणि तो प्रामुख्याने जुन्या रोहित्रांत व धारित्रांत भरलेला असतो. ती रोहित्रे अनेकदा कारखान्यांच्या, कार्यालयांच्या, रुग्णालयांच्या तळघरांत उभी असतात. वापर संपला, तरी द्रव तेथेच राहतो. तो तेथून काढायचा कसा आणि काढल्यावर न्यायचा कोठे, या दोन प्रश्नांना सुमारे शतकभराचा इतिहास आहे.

रोहित्रात तेल लागते ते दोन कारणांसाठी. गुंडाळ्यांमध्ये निर्माण होणारी उष्णता बाहेर वाहून नेणे आणि उच्च विद्युतदाबाखालील भागांमध्ये ठिणगी पडू न देणे. पेट्रोलियमपासून मिळणारे खनिज तेल ही दोन्ही कामे चोख करते, पण ते पेट घेते. रोहित्र गावाबाहेरच्या उपकेंद्रात असेल तर हा धोका पत्करता येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरांतील इमारती उंच होऊ लागल्या, त्यांचा वीजवापर वाढला आणि रोहित्र थेट इमारतीच्या पोटात आणणे सोयीचे ठरू लागले. तेथे शेकडो लिटर ज्वलनशील तेल ठेवायचे, तर त्याभोवती अग्निरोधक भिंतींची स्वतंत्र खोली बांधावी लागे.

पीसीबीने ही अडचण दूर केली. बायफिनाइल म्हणजे एकमेकांना जोडलेली बेंझिनची दोन वलये. त्यांवरील हायड्रोजनच्या दहा जागांपैकी काही किंवा सर्व जागा क्लोरिनने घेतल्या की पीसीबी तयार होते. क्लोरिनची संख्या व स्थान यांनुसार त्याचे २०९ प्रकार संभवतात. जर्मनीत १८८१ मध्ये प्रयोगशाळेत बनवले गेलेले हे रसायन १९२९ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या अ‍ॅनिस्टन येथे स्वान केमिकल कंपनीने व्यापारी प्रमाणावर तयार करण्यास सुरुवात केली. १९३५ मध्ये तो व्यवसाय मॉन्सँटोकडे गेला. हा द्रव सहजी पेटत नाही, आम्ल व अल्कली यांना दाद देत नाही आणि वर्षानुवर्षे उष्णता सोसूनही विघटित होत नाही. शिवाय त्याचा परावैद्युत स्थिरांक खनिज तेलाच्या सुमारे दुप्पट असतो. त्यामुळे तेवढीच धारिता असलेले धारित्र लहान आकारात बनवता येई. अभियंत्यांच्या दृष्टीने यात खोट काढण्यासारखे काहीच नव्हते. विमा कंपन्या आणि अग्निसुरक्षेचे नियम यांनीही इमारतींच्या आत त्याचीच शिफारस केली. अमेरिकेत अ‍ॅरोक्लोर, पायरॅनॉल व इनर्टीन, जर्मनीत क्लोफेन, जपानमध्ये कानेक्लोर आणि सोव्हिएत संघात सोव्हटॉल अशा नावांनी ते विकले गेले. जगभरात एकूण सुमारे १३ लाख टन पीसीबी तयार झाले असावे, असा अंदाज आहे.

जे विघटित होत नाही, ते सांडल्यावर जाते कोठे, हा प्रश्न स्वीडनमध्ये जवळजवळ अपघातानेच पुढे आला. सोरेन येन्सेन हे रसायनशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात मासे व पक्षी यांच्या शरीरातील डीडीटी मोजत होते. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या आलेखावर डीडीटीच्या शिखरांजवळ काही अनोळखी शिखरे पुन्हा पुन्हा उमटत. ती एखाद्या कीटकनाशकाचीच असतील, असे मानणे सोपे होते. येन्सेन यांनी संग्रहालयात जपून ठेवलेली गरुडाची जुनी पिसे तपासली. १९४४ च्या पिसातही तीच शिखरे दिसली. डीडीटीचा सर्रास वापर तेव्हा सुरूच झाला नव्हता. म्हणजे हा पदार्थ निराळा होता. १९६६ मध्ये त्यांनी तो पीसीबी असल्याचे जाहीर केले. तोवर तो त्यांच्या स्वतःच्या, पत्नीच्या आणि तान्ह्या मुलीच्या केसांतही सापडला होता. बंद लोखंडी टाक्यांत राहील असे गृहीत धरलेले द्रव्य मेदात साठत, माशांतून पक्ष्यांत आणि पुढे माणसांत पोहोचले होते.

दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, पश्चिम जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याचे तेल खाल्लेल्या हजारो लोकांना त्वचेचे व इतर विकार जडले. तेल शुद्ध करण्याच्या यंत्रात उष्णता वाहून नेण्यासाठी नळीतून पीसीबी फिरवले जाई. ते गळून खाद्यतेलात मिसळले होते. ‘युशो’ म्हणजे ‘तेलाचा रोग’ या नावाने ही घटना ओळखली जाते. १९७९ मध्ये तैवानमध्ये तसेच पुन्हा घडले. पुढील संशोधनातून आणखी एक गोष्ट उघड झाली. दीर्घकाळ तापलेल्या पीसीबीत डायबेंझोफ्युरान वर्गातील त्याहून कितीतरी घातक संयुगे तयार झाली होती आणि आजाराचा मोठा वाटा त्यांचाच होता. म्हणजे न पेटणारे हे तेल अर्धवट तापले तर अधिक विषारी बनते.

याचा पुरावा एका इमारतीनेच दिला. ५ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या बिंगहॅम्टन शहरातील अठरा मजली सरकारी कार्यालयाच्या तळघरात विद्युतयंत्रणेत बिघाड होऊन आग लागली. आग लवकर विझली. परंतु त्या उष्णतेने जवळच्या रोहित्राचा चिनी मातीचा निरोधक तडकला आणि सुमारे ६८० लिटर पीसीबीमिश्रित द्रव बाहेर आला. तो तापून त्याची काजळी झाली. धूर बाहेर जावा म्हणून गच्चीवरील झडपा आपोआप उघडल्या, त्यामुळे जिन्याचा उभा बोगदा धुराड्यासारखा काम करू लागला. काजळी मजल्यामजल्यांवर, छतांवरच्या पोकळ्यांत, टेबलांच्या खणांत जाऊन बसली. तिच्यात फ्युरान व डायऑक्सिन सापडली. इमारत पुन्हा वापरात आली ती १९९४ मध्ये. तेरा वर्षांच्या सफाईवर पाच कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. तो इमारत बांधण्याच्या खर्चाहून कितीतरी जास्त होता. आगीपासून वाचवण्यासाठी निवडलेल्या द्रवाने एका छोट्या आगीचे असे रूपांतर केले होते.

अमेरिकेत मॉन्सँटोने १९७७ मध्ये उत्पादन थांबवले आणि १९७९ मध्ये बंदीचे नियम लागू झाले. २००१ मध्ये स्वीकृत झालेला स्टॉकहोम करार १७ मे २००४ पासून अमलात आला. भारताने त्याला जानेवारी २००६ मध्ये मान्यता दिली. या करारात दोन तारखा आहेत. २०२५ पर्यंत पीसीबी उपकरणांतून बाद करायचे आणि २०२८ पर्यंत गोळा झालेल्या पीसीबीची पर्यावरणास बाधा न आणता विल्हेवाट लावायची. पहिली तारीख सरली आहे. अवघड काम दुसऱ्या तारखेकडे आहे.

भारतात पीसीबीचे उत्पादन कधी झाले नाही. ते आले आयात केलेल्या उपकरणांतून, म्हणजे पोलाद कारखाने, वीजनिर्मिती केंद्रे, रेल्वे अशा मोठ्या उद्योगांच्या यंत्रसामग्रीबरोबर. येथील बहुसंख्य रोहित्रांत खनिज तेलच असते. तरीही प्रश्न मर्यादित राहिला नाही, कारण रोहित्रातील तेल ठरावीक काळाने गाळून शुद्ध करावे लागते. गाळणीचे यंत्र, पंप आणि नळ्या त्याच. त्या एका रोहित्रावरून दुसऱ्यावर नेल्या जातात. एकदा पीसीबी असलेल्या रोहित्राला लागलेली नळी पुढच्या अनेक स्वच्छ रोहित्रांत त्याचा अंश सोडत जाते. करारानुसार तेलात ५० पीपीएम, म्हणजे एका किलोग्रॅममागे ५० मिलिग्रॅम, इतके पीसीबी असले तरी त्याची दखल घ्यावी लागते.

इतका अल्प अंश ओळखणे हीच पहिली कसोटी. शुद्ध पीसीबी पाण्याहून सुमारे दीडपट जड असते, त्यामुळे त्याचा थेंब पाण्यात बुडतो आणि खनिज तेलाचा तरंगतो. तांब्याच्या तारेवर घेऊन ज्योतीत धरल्यास क्लोरिनमुळे ज्योत हिरवी दिसते. या चाचण्या प्राथमिक माहितीपुरत्या ठीक आहेत; पण ५० पीपीएम पीसीबी असलेले तेलही पाण्यावर खुशाल तरंगते. त्यासाठी पुन्हा गॅस क्रोमॅटोग्राफीकडेच जावे लागते. येन्सेन यांना अनोळखी वाटलेली शिखरे आता हवी म्हणून शोधली जातात. बंगळुरूच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत अशी तपासणी होते.

ओळख पटल्यानंतर काढणी. जुन्या इमारतीतून रोहित्र हलवण्याआधी द्रव तेथेच उपसावा लागतो, कारण हलवताना जुने जोड आणि गंजलेली झडप हमखास गळतात. खाली पुरेशी खोल धातूची परात, जमिनीवर शोषक द्रव्याचा थर, कामगारांना द्रव झिरपू न देणारे हातमोजे व पोशाख आणि घट्ट झाकणाचे पोलादी पिंप एवढी तयारी किमान असते. दोन गोष्टी कटाक्षाने टाळायच्या असतात. पहिली, सांडलेल्यावर पाणी मारणे. त्याने द्रव गटारापर्यंत पोहोचतो. दुसरी, पीसीबीचे तेल चांगल्या तेलात मिसळून प्रमाण कमी दाखवणे. त्याने विषाचा एक कणही कमी होत नाही, फक्त विषारी तेलाचे आकारमान वाढते.

द्रव उपसल्यावरही काम संपत नाही. गुंडाळ्यांवरचा कागद, लाकडी आधार आणि लोखंडी पत्र्यांच्या फटी यांनी तो अनेक वर्षे शोषलेला असतो. रिकामे केलेले रोहित्र स्वच्छ तेलाने भरून पुन्हा चालू केले, तर आत मुरलेले पीसीबी हळूहळू नव्या तेलात उतरते. म्हणून अमेरिकी नियमांत तेल बदलल्यानंतर रोहित्र किमान ९० दिवस भाराखाली चालवून मगच फेरतपासणी करण्याची अट होती. तळघराच्या काँक्रीटचेही तेच. वरून पुसलेली जमीन आतून तेलकट राहते आणि प्रसंगी तिचा वरचा थर खरवडून तोही घातक कचरा म्हणूनच न्यावा लागतो.

उरतो शेवटचा प्रश्न, नष्ट करण्याचा. साध्या भट्टीत जाळणे म्हणजे बिंगहॅम्टनची पुनरावृत्ती. विशेष भस्मीकरण भट्टीत सुमारे १२०० अंश सेल्सिअस तापमान, किमान दोन सेकंदांचा मुक्काम आणि पुरेसा जादा ऑक्सिजन लागतो. अमेरिकी निकषांनुसार द्रवाच्या दहा लाख भागांपैकी एकाहून अधिक भाग शिल्लक राहता कामा नये. बाहेर पडणारे वायूही झटकन थंड करावे लागतात; ते २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात रेंगाळले तर डायऑक्सिन पुन्हा तयार होतात. दुसरा मार्ग प्लाझ्माचा. विद्युत चापाच्या काही हजार अंश तापमानात रेणूचे मूळ बंधच तुटतात. अल्प प्रमाणात दूषित खनिज तेलासाठी तिसरा, अधिक काटकसरीचा उपाय आहे. धातुरूप सोडियम क्लोरिनला ओढून घेतो, त्याचे साधे मीठ बनते आणि तेल पुन्हा वापरता येते. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या सहकार्याने भारताने हाती घेतलेल्या प्रकल्पात पीसीबी तेल व दूषित उपकरणे मिळून सुमारे ७,७०० टनांची विल्हेवाट लावण्याचे उद्दिष्ट होते. त्याच प्रयत्नांतून भिलाई पोलाद कारखान्यात पीसीबी नष्ट करण्याचे केंद्र उभे राहिले.

तंत्रज्ञान हाताशी आहे. साखळी तुटण्याची भीती आहे ती त्याच्या आधीच्या टप्प्यावर, इमारत रिकामी करताना. भारतात जुनी यंत्रसामग्री सहसा लिलावात भंगार म्हणून जाते आणि रोहित्रात तर तांबे असते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा किरणोत्सर्ग होऊन एका कामगाराचा मृत्यू झाला. ते उपकरण १९७० मध्ये विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागासाठी घेतलेले, १९८५ पासून पडून असलेले आणि भंगारात विकलेले होते. आत काय आहे, याची नोंद उपकरणाबरोबर बाहेर गेली नव्हती. किरणोत्सर्गाने माणसे काही दिवसांत आजारी पडली, म्हणून शोध लागला. पीसीबी इतकी घाई करत नाही. तांब्यासाठी रोहित्र फोडताना ते अंगावर उडते, मातीत झिरपते किंवा उघड्यावर जाळलेल्या कागदाबरोबर धुरात जाते. परिणाम दिसेपर्यंत कारण सांगणारे लोखंड वितळून गेलेले असते.

म्हणून या साऱ्या इतिहासातून हाती येणारी कृती अगदी साधी आहे. जुन्या प्रयोगशाळेतील, गिरणीतील किंवा कार्यालयातील रोहित्र लिलावाच्या यादीत घालण्यापूर्वी त्याची नामपट्टी वाचावी. तीवर अस्करेल, पायरॅनॉल, क्लोफेन, सोव्हटॉल असे नाव असेल, तर त्याला हात न लावता राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे. पट्टी पुसट झालेली असेल किंवा तिच्यावर खनिज तेल असे लिहिलेले असेल, तरी तेलाचा नमुना तपासून घ्यावा, कारण ते कोणत्या नळीने गाळले गेले होते हे पट्टीवर लिहिलेले नसते. नमुन्याला थोडेसेच तेल पुरते. त्याचा अहवाल भांडाराच्या नोंदवहीत लागल्यानंतरच रोहित्राने इमारतीचे दार ओलांडावे.