भाषापाहणीचे अंकीय भांडार व मराठी बोलींचा इतिहास

ग्रीअर्सन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भारतीय भाषापाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ तो मोजक्या ग्रंथालयांच्या संदर्भकक्षातच पाहावयास मिळे. आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक अंकीय ग्रंथालयात तो कोणासही वाचता येतो; पाहणीस पूरक म्हणून १९१३ ते १९२९ ह्या काळात घेतलेली ग्रामोफोन-ध्वनिमुद्रणेही तेथे ऐकता येतात. छापील नमुन्यात लिपीने झाकलेले उच्चार ह्या मुद्रणांत प्रत्यक्ष कानी पडतात. हा लाभ सामान्य नव्हे.

तथापि भांडाराबरोबर जुने वर्गीकरणही वारशाने हाती येते. सदर खंडात कोंकणी ही मराठीची बोली म्हणून घातली आहे. बस्तरकडील हळबीही त्याच खंडात येते. पुढे १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली तिचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. अशा स्थितीत १९०५ चे शीर्षक कोणत्याही टिपेवाचून पडद्यावर उमटले, तर एका अभ्यासकाचे त्या काळचे मत आजची वस्तुस्थिती म्हणून वाचले जाण्याचा धोका आहे. जुने नाव पुसणे हा त्यावर उपाय नव्हे. दोन्ही नावे आपापल्या सनांसह सूचीत असावीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याहून गंभीर प्रश्न अभावाचा आहे. मद्रास इलाखा आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने पाहणीच्या कक्षेबाहेर राहिली होती. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तेथील बोलींचे नमुने पुणे वा कोकणाप्रमाणे पद्धतशीर गोळा झाले नाहीत. तंजावरच्या मराठीचीही तीच गत झाली. ग्रंथ हाती घेणारा वाचक निदान प्रस्तावना चाळतो व ही मर्यादा जाणतो. अंकीय भांडारात मात्र शब्द टाकून थेट पृष्ठावर उतरण्याची सोय असते. परभणीचा शोध घेऊन काही सापडले नाही, की तेथे वेगळे काही नव्हतेच, असा निष्कर्ष काढणे विद्यार्थ्यास सोपे जाते. (नमुन्यांविषयीही सावधगिरी हवी: सर्वत्र मागविलेली उधळ्या पुत्राची गोष्ट हे मुळात भाषांतर आहे, स्वाभाविक बोलण्यासाठी तिच्या जोडीची स्थानिक कथने अधिक भरवशाची.)

डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या अलीकडील बोली-सर्वेक्षणात मराठवाड्यातील भाषकांची ध्वनिमुद्रणेही उपलब्ध आहेत. त्यामुळे कोकणातील बोलींची शंभर वर्षांच्या अंतराने तुलना करणे शक्य झाले आहे. बीड-लातूरकडील तुलनेस मात्र १९०५ चा आधार नाही. तेथील अभ्यासकास जुन्या घराण्यांतील पत्रे, हिशेबवह्या आणि मोडी दस्तऐवज यांपासूनच आरंभ करावा लागेल.