कीर्द आधी, खतावणी मग

दिवेलागणीनंतर पेठेतल्या दुकानांच्या फळ्या लागू लागल्या की आमच्या भुसार दुकानात दिवसातले सर्वांत मोलाचे काम सुरू होई. दिवाणजी लाल कापडी बांधणीची लांबट वही उघडत. तिच्या पानांवर छापील रेघा नसत. कागद दुमडून पाडलेले उभे सळ हेच तिचे रकाने. माथ्यावर ‘श्री’, त्याखाली तिथी आणि तारीख, मग ‘श्री शिल्लक’, म्हणजे काल रात्री गल्ल्यात उरलेली रक्कम. त्यानंतर दिवसभरातले व्यवहार, ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. शेवटी बेरजा, वजाबाकी आणि गल्ल्याची मोजणी. वहीतली शिल्लक आणि हातातले पैसे जुळले की मेळ बसला.

एका रात्री तो बसेना. “अण्णा, नव्वद कमी पडतायत,” दिवाणजी वडिलांना म्हणाले. गल्ला दुसऱ्यांदा मोजला, तरी तेच. दिवाणजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, “नव्वदला नवानं भाग जातोय. कुठंतरी आकडे उलटे पडलेत.” त्यांनी पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती एकेक करून वहीशी ताडून पाहिल्या. वसुलीचे ४५० रुपये वहीत ५४० असे चढले होते. शेजारचे दोन अंक उलटे पडले की येणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो, हे गणित मी शाळेत नव्हे, त्या बैठकीवर शिकलो. दिवाणजींनी चुकीचा आकडा पुसला नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारली, आतला आकडा वाचता येईल अशी, वर खरा आकडा लिहिला आणि बाजूला सही केली.

ही वही म्हणजे कीर्द. शेजारी दुसरी, जाडजूड वही असे. ती खतावणी. दुसऱ्या दिवशी सकाळी कीर्दीतली प्रत्येक नोंद खतावणीत चढे. ज्याचे खाते, त्याच्या पानावर. आधी कीर्द, मग खतावणी, हा क्रम दिवाणजींनी कधी उलटा केला नाही. आज हिशेबाच्या यंत्रांच्या पोटातही हाच क्रम सापडतो. तो का टिकला, याची ही कुळकथा.

व्यवहाराला दोन प्रश्न विचारावे लागतात. कधी घडला? आणि कुणाचा? समजा, एका अडत्याकडून २० क्विंटल तूरडाळ ८,००० रुपये दराने उधारीवर आली. त्या दिवशीच्या कीर्दीत माल खाते १,६०,००० रुपयांनी नावे आणि अडत्याचे खाते तेवढ्याच रकमेने जमा. दहा दिवसांनी ६०,००० रुपये दिले. आता अडत्याचे किती देणे उरले, हे कीर्दीत शोधायचे तर दहा दिवसांची पाने उलटावी लागतील, मधले शेकडो व्यवहार ओलांडावे लागतील. खतावणीत त्याचे पान उघडले की उत्तर समोर: बाकी एक लाख. पण त्या आठवड्यात दुकानात नेमके काय घडले, हे खतावणी सांगू शकत नाही; तिथे एकेका दिवसाचे तुकडे शंभर पानांवर विखुरलेले असतात. म्हणून दोन्ही वह्या लागतात. मजकूर एकच, एकीत काळाप्रमाणे मांडलेला, दुसरीत नावाप्रमाणे.

शब्दांचे कूळ पाहिले तर या वह्या किती हातांतून आल्या ते कळते. जमा, बाकी, रक्कम, हिशेब हे मूळचे अरबी. रोज फारसी, आणि कीर्द हा ‘करणे’ या अर्थाच्या फारसी ‘कर्दन’च्या कुळातला, रोजकीर्द म्हणजे दिवसभरात केलेले. दफ्तर हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला, पण त्याचे मूळ ग्रीकमध्ये, कमावलेल्या कातड्याच्या नावात आहे. पावती मात्र आपली, पावणे या क्रियापदातून आलेली. येणे आणि देणे यांना तर कुठल्या कोशाची गरजच नाही. लिहिणाऱ्याला फारसीत नवीस म्हणतात. त्यातून आपले चिटणीस आले, फडणीस आले.

मराठी राज्याचा हिशेबही याच दोन मांडण्यांवर उभा होता. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते. चालते दफ्तर फडणिसांच्या देखरेखीखाली रोजचा कारभार पाही. एकबेरीज दफ्तर पुण्यातच राही. तिथे सगळ्या खात्यांचे हिशेब जमा होत, तारखेच्या क्रमाने लावले जात, आणि मग त्यांतून वर्षाच्या जमाखर्चाचे तर्जुमे, म्हणजे गोषवारे, व खर्चाच्या बाबींच्या खतावण्या तयार होत. पेठेतले दुकान आणि शनिवारवाडा यांत अंतर केवढे. पण कागद आधी तारखेने लावायचा आणि मग बाबवार फोडायचा, ही रीत एकच. हिशेब तपासून बरोबर ठरला की ‘रुजू’ झाला. रुजुवात घालणे हा शब्द आपण आजही वापरतो.

या दफ्तरातल्या रोजकीर्दींतून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे पुढे पेशव्यांच्या रोजनिशीचे खंड म्हणून छापले गेले. १९०० साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्या रोजनिशींवर विस्तृत प्रस्तावना लिहिली. लढाया आणि तहांच्या पलीकडचे राज्य त्यांनी त्यातून वाचले: किल्ल्यांची डागडुजी, टांकसाळी, सावकारांची कर्जे, गुन्ह्यांचे दंड, देवस्थानांच्या नेमणुका. लिहिणाऱ्या कारकुनाला इतिहास लिहायचा नव्हता. कुणाला, किती, कशाबद्दल दिले, एवढेच तो त्या त्या दिवशी इमानाने लिहीत होता. त्या ‘कशाबद्दल’मुळे हिशेबाचा कागद इतिहासाचे साधन झाला.

युरोपातल्या व्यापाऱ्यांचा अनुभवही निराळा नव्हता. जिनोव्हा शहराचे १३४० सालचे सरकारी हिशेब दुहेरी नोंदीने लिहिलेले आहेत. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या गणिती भिक्षूचा ‘सुम्मा’ हा ग्रंथ छापला गेला. त्यात त्याने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची चालत आलेली पद्धत नीट मांडून दाखवली. तो तीन वह्या सांगतो. पहिली टाचणवही: घरातल्या, दुकानातल्या कुणीही घडेल ते तिथल्या तिथे टिपून ठेवावे. दुसरी दैनिक वही: हिशेबनिसाने ते टाचण शिस्तीत, नावे कोण आणि जमा कोण हे ठरवून उतरवावे. तिसरी खातेवही. दैनिक वहीतली नावे बाजू खातेवहीत चढली की त्या नोंदीवर एक तिरकी रेघ मारावी, जमा बाजू चढली की दुसरी. दोन रेघा दिसल्या की काम पुरे झाले. आणि वहीची सुरुवात देवाच्या नावाने करावी, असे पाचोली बजावतो. आमच्या पानांच्या माथ्यावरची ‘श्री’ आठवल्याशिवाय मला ते वाचता येत नाही. बाजू मात्र उलट्या: त्यांच्याकडे नावे डावीकडे, आपल्या वहीत उजवीकडे. आपल्या वाणिज्य शाखेतल्या मुलांना तिकडची मांडणी शिकवली जाते, पण पुस्तकातले शब्द आपले आहेत: रोजकीर्द, खतावणी, तेरीज पत्रक, ताळेबंद.

दुहेरी नोंदीचे बळ तेरजेत दिसते. प्रत्येक व्यवहाराची रक्कम एकदा नावे आणि एकदा जमा पडत असल्याने सगळ्या खात्यांच्या नावे बाक्यांची बेरीज आणि जमा बाक्यांची बेरीज सारखी आलीच पाहिजे. नाही आली तर कुठेतरी चूक आहे. पण तेरजेची मर्यादाही दिवाणजी जाणून होते. अख्खा व्यवहार लिहायचाच राहिला, किंवा एका गिऱ्हाइकाची वसुली त्याच आडनावाच्या दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली, तरी तेरीज जुळते. तिथे कागदच ताडून पाहावा लागतो.

ताडून पाहण्याची ही गरज फार जुनी. इंग्लंडच्या खजिन्यात काठीवर रकमेच्या खाचा पाडून ती उभी चिरत. एक फाळी देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. दोन्ही फाळ्या जुळल्या तरच हिशेब खरा. १८३४ साली निकामी झालेल्या अशा काठ्या जाळताना आग भडकली आणि लंडनचे पार्लमेंट भस्म झाले. त्या काठीचे इंग्रजी नाव टॅली, लॅटिनमधल्या काडीच्या नावावरून आलेले. आपल्या ‘ताळा पाहणे’तल्या ताळ्याशी त्याचे रक्ताचे नाते नाही. काम मात्र दोघांचे एकच.

नोव्हेंबर १९५१ मध्ये लंडनच्या लायन्स या चहा आणि बेकरीच्या कंपनीने ‘लिओ’ नावाच्या स्वतः बांधलेल्या संगणकावर बेकरीच्या मालाचे मूल्यांकन नियमित सुरू केले. व्यापारी हिशेब संगणकावर आला तो असा. सुरुवातीला यंत्रही कारकुनासारखेच एका यादीतून दुसरी यादी बनवी. १९७० मध्ये एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने एक मूलभूत विचार मांडला: माहिती तक्त्यांत अशी ठेवावी की साठवण्याच्या क्रमावर तिचा वापर अवलंबून राहू नये. हिशेबाच्या भाषेत, नोंद एकदाच लिहा. तारखेने मागितली तर कीर्द दिसेल, नावाने मागितली तर खतावणी. दुसऱ्या सकाळचे खतावणे संपले आणि त्यासोबत उतरवतानाच्या चुकाही संपल्या.

आपल्याकडे १९८६ साली बंगळुरूत श्यामसुंदर गोयंका या व्यापाऱ्याने आपल्या भरत या मुलाला धंद्याचा हिशेब ठेवणारी प्रणाली लिहायला सांगितली. पुढे ती टॅली म्हणून दुकानादुकानांत पोहोचली. टॅलीत व्हाउचर भरून ते स्वीकारले की डे बुक, पक्षकाराचे लेजर, मालाचा साठा, तेरीज आणि ताळेबंद एकाच वेळी बदलतात. नावे आणि जमा सारखी नसतील तर नोंद पुढे सरकतच नाही.

मग कीर्द संपली का? मला सर्वांत जास्त चकित केले ते इथे. बँकांसारख्या ठिकाणी चालणाऱ्या मोठ्या डेटाबेसच्या पोटात पाहिले तर आत पुन्हा एक कीर्द सापडते. कुठलाही बदल मूळ तक्त्यांत पक्का करण्याआधी यंत्र तो एका सलग नोंदपटात, घडला त्या क्रमाने लिहून ठेवते. मध्येच वीज गेली, यंत्र बंद पडले, तर पुन्हा सुरू होताना ते हा नोंदपट वाचते. पुरे झालेले व्यवहार तक्त्यांत चढवते, अर्धवट राहिलेले रद्द करते. तुमच्या खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, अशी अर्धी नोंद मग बँकेच्या तक्त्यांत उरत नाही. आधी कीर्द, मग खतावणी. हा नियम कुणी परंपरा म्हणून यंत्रात घातला नाही. घडलेले आधी टिपले नाही तर ते परत मिळवता येत नाही, म्हणून तो तिथे आला.

दिवाणजींची ती आडवी रेघही परत आली आहे. १ एप्रिल २०२३ पासून भारतातल्या कंपन्यांना असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, जे नोंदीतला प्रत्येक बदल तारखेसह जपून ठेवते. आणि ही सोय बंद करता येता कामा नये. चूक दुरुस्त करा, पण काय होते ते वाचता आले पाहिजे, असे आज कायदा सांगतो.

यंत्राने खतावणी घेतली, ते उत्तमच झाले. पण कीर्दीची पहिली ओळ अजून माणसाच्याच हाती आहे. ती खोटी असेल तर यंत्र तो खोटेपणा विजेच्या वेगाने शंभर पत्रकांत पसरवील, आणि सगळ्या बेरजा जुळतील. ती मोघम असेल तर दहा वर्षांनी तिच्यातून काहीच उमगणार नाही.

आमच्या दुकानाच्या माळ्यावर जुन्या वह्या आहेत. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना एक उघडली. जूनमधली नोंद होती: ‘रु. २५ तुकाराम हमाल यांस उचल, मुलीच्या पुस्तकांबद्दल, हस्ते खुद्द.’ पैसे कुणी घेतले, कशासाठी घेतले, कुणाच्या हातात पडले, सारे एका ओळीत. खाली उतरून पुतण्याच्या संगणकावर डे बुक पाहिले. आकडे अचूक, तेरीज जुळलेली. पण तपशिलाचा चौकोन पानामागून पान रिकामा. मी ती वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती ओळ दोनदा वाचली. त्या दिवशी पाडवा होता. नव्या वहीऐवजी संगणकाला हळदकुंकू वाहिले, आणि वर्षाचे पहिले व्हाउचर भरताना त्याने तपशिलात लिहिले: ‘पूजेच्या फुलांबद्दल, हस्ते काका.’