मगर व सुसर, पूर्व विदर्भातील

चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत एकच जिल्हा) या वनप्रधान जिल्ह्यांत आढळणारा मगरवर्गीय प्राणी म्हणजे मगर (क्रोकोडायलस पॅलस्ट्रिस) होय. ताडोबा येथील तलाव त्याबद्दल प्रसिद्ध आहे. मराठीत सुसर हे नाव सैलपणे मगरीलाही लावतात. त्यामुळे जुन्या वर्णनांतील ‘सुसर’ म्हणजे लांब, चिंचोळ्या मुस्कटाची खरी सुसर वा घडियाल (गेव्हिॲलिस गँजेटिकस) असे गृहीत धरता येत नाही. सुसरीच्या मूळ प्रदेशात सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी व इरावती ही खोरी येतात. वर्धा, वैनगंगा व प्राणहिता ज्या गोदावरी खोऱ्यात मोडतात, त्याचा समावेश सामान्यतः केला जात नाही.

दोन्ही जातींचे सहजीवन चंबळ नदीत व महानदीच्या सातकोसिया घळीत पाहावयास मिळते. सुसर प्रामुख्याने मासे खाते, तर मगर मासे, पक्षी, सस्तन प्राणी असे मिळेल ते खाते. म्हणून अन्नासाठी त्यांच्यात स्पर्धा मर्यादित असते. मात्र दोघीही काठावर खड्डा करून अंडी घालतात व उन्हात पडून राहतात. वाळूचे काठ कमी झाले, की जागेची स्पर्धा वाढते. अशा वेळी मगर तलावात, डबक्यात वा बिळात आश्रय घेते व जमिनीवरून दूरवर चालत जाऊ शकते. वाहत्या खोल पाण्यास जखडलेल्या सुसरीस हे साधत नाही.

कातड्याच्या व्यापारामुळे विसाव्या शतकाच्या मध्यास दोन्ही जातींचा ऱ्हास झाला. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने त्यांना संरक्षण मिळाले. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. ताडोबा परिसरातही मगरींचे संगोपन करण्यात आले. महानदीत सोडलेल्या सुसरींपैकी फारच थोड्या टिकल्या. मासेमारीच्या जाळ्यांत त्या गुदमरून मरतात. तेथे सु. चार दशकांनंतर, २०२१ मध्ये, पिले नैसर्गिक रीत्या जन्मली.

शिकार थांबली, तरी नदीचे रूप पालटत आहे. वैनगंगेवर गोसीखुर्द धरण झाले. प्राणहिता-गोदावरी संगमाखाली, सिरोंच्यासमोर, २०१९ मध्ये मेडिगड्डा बंधारा कार्यान्वित झाला. अशा बांधांमुळे वाहते पाणी साठते व वाळूचे काठ बुडतात. एका नदीत मगर टिकते व सुसर नाहीशी होते, तेव्हा तो मगरीचा विजय नसून नदी वाहती न राहिल्याची खूण असते.