एपिऊसिओस

एपिऊसिओस : बायबलच्या नव्या करारातील एक ग्रीक विशेषण. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ते ‘आर्तोस’ म्हणजे भाकर या नामाला जोडून येते. मत्तय ६:११ आणि लूक ११:३ या दोनच ठिकाणी ते आढळते. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘रोजची’ हा शब्द योजला आहे. मूळ शब्दाच्या अर्थाविषयी मात्र अभ्यासकांत आजही एकमत नाही.

याचे कारण म्हणजे शुभवर्तमानांपूर्वीच्या ग्रीक लेखनात हा शब्द सापडत नाही. ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात तो आहे, पण तेथेही याच प्रार्थनेत. ग्रीक भाषेतच वाढलेल्या आणि लिहिणाऱ्या ऑरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकात नोंदवून ठेवले, की हा शब्द विद्वानांच्या ग्रंथांतही नाही आणि सामान्यांच्या बोलण्यातही नाही. तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा, असे त्याचे मत होते.

या मताला धक्का देणारा एक पुरावा मध्यंतरी पुढे आला होता. इजिप्तमधील हवारा येथे फ्लिंडर्स पेट्री यांना मिळालेल्या एका पपायरसाचे वाचन ए. एच. सेस यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केले. ती घरखर्चाची यादी होती आणि तिच्यात ‘एपिऊसि…’ अशी अक्षरे वाचली गेली. त्यावरून हा शब्द रोजच्या शिध्यासाठी वापरत असावेत, असा तर्क निघाला. पपायरस पुढे गहाळ झाला आणि तपासणीची वाट बंद झाली. १९९८ मध्ये तो येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात पुन्हा हाती लागला, तेव्हा त्या जागी ‘एलाइऊ’ म्हणजे तेल असल्याचे दिसले. ऑरिजेनचे निरीक्षण पुन्हा उभे राहिले.

व्युत्पत्तीचे मुख्य मार्ग तीन. ‘एपि’ आणि ‘ऊसिआ’ (अस्तित्व, सत्त्व) अशी फोड केली, तर जगण्यास आवश्यक तेवढी भाकर असा अर्थ निघतो. ऑरिजेनने मात्र याच फोडीवरून आत्म्याला पोसणारी भाकर असा अर्थ लावला. चालू दिवसापुरती, हा दुसरा अर्थ. तिसरा मार्ग ‘एपिएनाई’ (पुढे येणे) या क्रियापदाचा. त्यापासून झालेला ‘एपिऊसा’ हा शब्द ‘दुसऱ्या दिवशी’ या अर्थाने प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये आला आहे. त्यावरून ‘येत्या दिवसाची’ भाकर असा अर्थ निघतो.

जेरोमने लॅटिन भाषांतर करताना मत्तयात ‘सत्त्वापलीकडची’ अशा अर्थाचा नवा शब्द घातला आणि लूकमध्ये ‘रोजची’ हा जुना शब्द राहू दिला. एकाच ग्रीक शब्दाची अशी दोन रूपे झाली. पहिल्याने प्रभुभोजनाच्या भाकरीचा अर्थ बळावला. मत्तयावरील भाष्यात त्याने एका हिब्रू शुभवर्तमानातील ‘माहार’ म्हणजे ‘उद्या’ हा पाठही नोंदवला आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने ‘येत्या दिवसाची’ हा अर्थ सर्वांत सरळ बसतो. ‘ऊसिआ’पासून शब्द झाला असता, तर ‘एपि’तील अंत्य स्वर बहुधा गळला असता. याच अध्यायात पुढे उद्याची चिंता करू नका असे सांगितले आहे (मत्तय ६:३४), म्हणून काही जण हा अर्थ नाकारतात. पण हा आक्षेप टिकत नाही. प्रार्थना पहाटे केली तर येता दिवस म्हणजे आजचाच. रात्री केली तर उजाडणारा. आजची मजुरी आज मिळाली तरच चूल पेटणार, अशा माणसांचे हे मागणे आहे. मत्तय २० मधील द्राक्षमळ्याचे मजूर त्यांतलेच. निर्गम १६ मधील मान्नाही दिवसापुरताच गोळा करायचा होता. साठवला की त्यात किडे पडत. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायची मुभा होती. आध्यात्मिक अर्थाची परंपरा आदरणीय आहे. तरी तिच्यामुळे भुकेल्याची खरी भाकर या ओळीतून नाहीशी होता कामा नये. लूकची वाक्यरचनाही तेच सुचवते : मत्तयात ‘आज’ दे अशी एकवेळची मागणी आहे, तर लूकमध्ये ‘दिवसेंदिवस देत राहा’ असा भाव आहे.

नव्या कराराचे मराठी भाषांतर विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर मिशनने १८११ मध्ये छापले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केडगाव येथे संपूर्ण बायबलचे स्वतंत्र भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते पुरे झाले. ‘आर्तोस’साठी प्रचलित मराठी बायबलमध्ये रुळलेला ‘भाकर’ हा शब्द मूळ परिस्थितीला जवळचा आहे, कारण आपल्याकडील भाकरीप्रमाणेच पॅलेस्टाईनमधील गरिबांची भाकरही बहुधा भरड धान्याची, म्हणजे जवाची असे (योहान ६:९).