चांदबीबीचा क्लास कोणता?

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना पुढचं माहीत आहे. ज्यांना बसमध्ये हेडफोन लावायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी दोन-तीनदा भरकटलो होतो, त्यातलं थोडं कापलंय. सगळं नाही कापलं.

तर झालं असं. सावेडीत एका मित्राच्या गच्चीवर आम्ही पाच जण दर शनिवारी रोलप्लेइंग गेम खेळतो. कागद, पेन्सिल, फासे आणि भेळ. ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येकानं एक पात्र बनवायचं, एक जण गोष्ट चालवणार, त्याला आम्ही डीएम म्हणतो. पात्राला एक 'क्लास' असतो. लढवय्या, जादूगार, चोर, पुजारी असं काहीतरी. आणि प्रत्येक क्लासला पुस्तकात एक वर्णन चिकटलेलं असतं, तो कसा दिसतो, कसा वागतो, कुठून येतो. त्याला म्हणायचं फ्लेवर.

आमच्यातली एक जण नवीन पात्र घेऊन आली. बुरख्यातली राणी, अंगात चिलखत, हातात तलवार, चार-पाच भाषा येतात, सतार वाजवते, दरबारही चालवते. क्लास लिहिला होता फायटर. डीएम म्हणाला, "फायटर आहे ना? मग सतार कशाला? आणि बुरख्यात कोण लढतं? एकतर राणी हो, नाहीतर फायटर हो." ती म्हणाली, "अरे, मी किल्ल्यापासून अर्ध्या तासावर राहते. ही चांदबीबी आहे!"

डीएम गप्प. मग आम्ही दोन तास भांडलो. खेळ झालाच नाही, भेळ संपली. हा भाग त्या भांडणातून निघालाय.

आधी खेळाचा इतिहास पटकन. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आलं 1974 मध्ये, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं. सुरुवातीला क्लास तीनच: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाकडून शक्ती मिळवणारा. क्लेरिकनं धारदार शस्त्र वापरायचं नाही, गदा चालेल. 1978 च्या पुस्तकात पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, फक्त माणूसच होऊ शकत होता, तोही नियम पाळणारा आणि सज्जन. त्याच पुस्तकात आणखी एक नियम होता, जो वाचून आमच्या मैत्रिणीनं पेन्सिल टेबलावर आपटली. स्त्री पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा कमी मर्यादा! 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत तो गेला. 2000 मध्ये कुठल्याही वंशाला कुठलाही क्लास खुला झाला. 2014 पर्यंत पॅलाडिनवरची सज्जनपणाची सक्तीही उठली. पण त्याच 2014 च्या पुस्तकात ड्रुइडबद्दल, म्हणजे जंगलाच्या पुजाऱ्याबद्दल, एक गंमत राहिली. धातूचं चिलखत तो 'घालू शकत नाही' असं नाही लिहिलं. 'घालणार नाही' असं लिहिलंय. अहो, पात्र माझं, आणि ते काय करणार नाही हे पुस्तक ठरवणार?

आता आपल्या नगरकडे या. अहिल्यानगर म्हणा, नगर म्हणा, माझ्या तोंडी नगरच येतं.

1595 च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन नगरच्या किल्ल्यावर आला. निजामशाहीत तेव्हा गादीवरून नुसती भांडणं. चार गट, चार वारस. किल्ला सांभाळायला कोण? हुसेन निजामशाहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशाहाची विधवा, चांदबीबी. ती काही पहिल्यांदा राज्य चालवत नव्हती. नवऱ्याच्या मागे विजापुरात लहान इब्राहीम आदिलशाहाच्या वतीनं तिनं कारभार पाहिला होता.

मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांना त्यातल्या काहींचा पत्ता लागला, ते निकामी केले. एक मात्र उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. सरदार मागे सरकायला लागले. तेव्हा ती चिलखत घालून, तोंडावर बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन त्या खिंडारात जाऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत मुघल आत येऊ शकले नाहीत. रात्रीतून खिंडार बुजवून भिंत परत उभी केली. दारूगोळा संपल्यावर तिनं तांब्याची, चांदीची, मग सोन्याची नाणी तोफांतून डागली, असंही सांगतात. ती दंतकथा म्हणून ऐका, पण आजीनं सांगितली की छान वाटते.

आता या बाईचा क्लास सांगा मला.

आणि इथेच माझं मत डीएमच्या थोडं बाजूला झुकलं, हे मैत्रिणीला आवडलं नाही. कारण सोपा उपाय काय असतो? फ्लेवर पुसून टाका. फायटरचे आकडे घ्या, वर हवं ते नाव चिकटवा. याला रीस्किन म्हणतात. पण मग तो बुरखा नुसता कॉस्च्युम होतो. चांदबीबीनं बुरखा टाकला नव्हता. ती बुरख्यासकट तटावर आली. तिच्या काळातल्या शाही बाईवर जे बंधन होतं ते तिनं अंगावर ठेवलं आणि तरीही तिथे उभी राहिली. ते बंधनच गोष्टीतून काढलं, तर खिंडारात एक फायटर उभा आहे एवढंच उरतं.

दुसरं उदाहरण घ्या, मलिक अंबर. इथिओपियात जन्म, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात बगदादमार्गे दख्खनेत आला. त्याला विकत घेणारा चंगेजखान निजामशाहीचा पेशवा होता, आणि तो स्वतःही कधीकाळी हबशी गुलामच होता! मालक गेल्यावर अंबर मोकळा झाला, भाडोत्री शिपाई झाला, हळूहळू स्वतःची फौज जमवली. 1600 मध्ये नगरचा किल्ला पडला तरी त्यानं निजामशाही पडू दिली नाही. 1610 मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे नहरीनं पाणी आणलं, जमीन मोजून महसूल बांधला. शिपाई, इंजिनीअर, कारभारी. कुठला क्लास?

आपल्या जिल्ह्यातली त्याची लढाई म्हणजे 1624 ची भातवडी. समोर मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा. अंबरनं तलावाचा बांध फोडला, शत्रूच्या छावणीभोवती नुसता चिखल केला. शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. आमच्या चोर क्लासवाल्या मित्राचं म्हणणं, हा सरळ चोराचा डाव आहे. असेल बाबा.

पण अंबर गादीवर कधी बसला नाही. इतकी ताकद असून त्यानं कायम एका निजामशाहाला पुढे ठेवलं आणि स्वतः मागून सूत्रं हलवली. का? गुलाम म्हणून आलेला हबशी शाह झाला तर किती सरदार त्याच्याकडे टिकतील, हे त्याला कळत असणार. हे माझं अनुमान आहे. म्हणजे बंधन होतंच. फक्त 'तुला सेनापती होता येणार नाही' असं ते नव्हतं. 'झालास तरी किंमत मोजावी लागेल' असं होतं.

तिसरं नाव तुम्ही घेणारच, जिल्ह्यालाच ते दिलंय. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या पाटलांची मुलगी अहिल्या, जन्म 1725. शाळेतलं चित्र आठवा: पांढरी साडी, हातात शिवलिंग. चित्रावरून क्लास ठरवायचा तर क्लेरिक, विषय संपला. पण 1754 मध्ये कुंभेरीला पती खंडेराव गेले, सासरे मल्हाररावांनी सती जाऊ दिलं नाही. 1766 मध्ये मल्हारराव गेले, 1767 मध्ये मुलगा मालेरावही गेला. राघोबादादा फौज घेऊन आले तेव्हा या बाई वाटाघाटी आणि लढाई दोन्हीच्या तयारीत बसल्या होत्या. पेशवे माधवरावांनी त्यांचा कारभार मान्य केला, फौजेचं काम तुकोजी होळकरांकडे गेलं. डोंगरातल्या भिल्लांशी नुसतं लढत बसण्यापेक्षा वाटसरूंकडून 'भिलकौडी' घ्यायचा हक्क त्यांना दिला, बदल्यात वाट सुरक्षित ठेवायची. चित्रात यातलं काही दिसतं का?

चित्रावरून आठवलं. पाथर्डी रस्त्यानं जाताना डोंगरावर ती अष्टकोनी तीन मजली इमारत दिसते ना, चांदबीबी महाल? तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. ती निजामशाहीचा वजीर सलाबतखानाची कबर आहे. आपण सगळे तिथे फोटो काढून चुकीचं नाव टाकतो. फ्लेवर असा चिकटतो बघा.

तर दोन तासांच्या भांडणानंतर मी टेबलावर एक गोष्ट मांडली. 'असं पात्र चालणार नाही' हे वाक्य पुस्तकानं किंवा डीएमनं बोलायचं नाही. ते दरबारातल्या सरदारानं बोलायचं. पात्र बनवताना दार उघडं, आणि खेळ सुरू झाला की जग त्या दारात आडवं येणार. सतार चालेल, बुरखा चालेल, पण किल्ल्यातला प्रत्येक माणूस तिच्याकडे कसा बघतो ते डीएमनं खेळून दाखवायचं. 1600 च्या दुसऱ्या वेढ्यात चांदबीबी तहाचा विचार करत होती, तर फितुरीच्या संशयावरून किल्ल्यातल्याच लोकांनी तिला मारलं. खिंडारात लढली ते त्यांनी विसरायला चार वर्षं पुरली.

डीएमची एक तक्रार मात्र खरी होती, ती इथे नोंदवतो. सगळंच चालतं म्हटलं की काही जण गोष्टीशी संबंध नसलेलं पात्र आणतात आणि डोकं खातात. मागच्या वर्षी एकानं निजामशाहीत रोबोट आणला होता. (मीच होतो.)

पुढच्या शनिवारी मैत्रीण तीच राणी घेऊन आली. कागदावर फायटर, बाजूला बारीक अक्षरात सतार. डीएमनं पहिलाच प्रसंग दिला: तटाला भगदाड, धूर, आणि एक म्हातारा सरदार वाट अडवून उभा. "बेगमसाहेबा, आपण इथे? परत जावं."

ती म्हणाली, "बाजूला हो." डीएम म्हणाला, "फासा टाक."

चार पडले. सरदार अजून वाटेत उभा आहे, आणि पुढचा शनिवार यायचाय.