अभियांत्रिकी पदवीतील रसायनशास्त्राचे दुय्यम स्थान : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात पेण व रोहा हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. एकाची ओळख गणेशमूर्ती आणि मिठागरे यांनी घडविली, तर दुसऱ्याची धाटावच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीने. दोन्ही ठिकाणच्या उपजीविकेच्या मुळाशी रसायनशास्त्र आहे. मात्र याच परिसरातून अभियांत्रिकी पदवीसाठी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात रसायनशास्त्र बहुधा पहिल्या वर्षी भेटते आणि तेथेच निरोप घेते. अलीकडे अभियांत्रिकी पदवीत 'मायनर', म्हणजे मुख्य शाखेखेरीज दुसऱ्या विषयाच्या सलग अभ्यासाची सोय झाली आहे. या सोयीमागे असलेला इतिहास पाहणे आणि रसायनशास्त्राला तिच्यात कितपत जागा मिळू शकते याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

एका छपराखालून वेगळ्या इमारतींत

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभ १८५४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गापासून मानला जातो. या संस्थेचे नाव १८८० च्या सुमारास 'कॉलेज ऑफ सायन्स' असे झाले. स्थापत्य अभियांत्रिकीबरोबर शेतकी, वनविद्या आणि शुद्ध विज्ञाने तेथे एकत्र नांदत होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये उत्तीर्ण झाले ते याच महाविद्यालयातून. पुढे शेतकीचे शिक्षण स्वतंत्र महाविद्यालयाकडे गेले आणि १९११ मध्ये मूळ संस्था केवळ अभियांत्रिकीची झाली. विशेषीकरणाच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते, परंतु पूल बांधणारा आणि मातीचे पृथक्करण करणारा एकाच प्रांगणात वावरण्याचा काळ त्याबरोबर संपला. नामांतराच्या नोंदी संस्थेच्या इतिहासात सहज मिळतात, तुटलेल्या शेजाराची नोंद कोणी फारशी घेतलेली नाही.

१ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. सर्वांच्या तोंडी 'यूडीसीटी' हेच नाव राहिलेल्या या विभागाने उलट्या दिशेचा मार्ग स्वीकारला. रसायनशास्त्र घेऊन विज्ञान पदवी मिळविलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांचा बी.एस्सी.(टेक.) हा अभ्यासक्रम देण्यात येई. आधी रसायन पक्के होई आणि मग त्यावर तंत्राची उभारणी होई. १९३८ पासून जवळजवळ दोन दशके विभागाची धुरा सांभाळणारे प्रा. के. वेंकटरामन स्वतः रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्राचे जागतिक ख्यातीचे अभ्यासक होते. बारावीनंतर थेट चार वर्षांच्या अभियांत्रिकीची पद्धत रूढ झाल्यावर हा क्रम मागे पडला. २००८ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तेव्हा तिचे स्वरूप पुष्कळच बदललेले होते.

रोह्याशी निगडित असलेले एक उदाहरण येथे नोंदविणे उचित ठरेल. महाडजवळील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेल्या चिंतामणराव देशमुख यांचे बालपण मुख्यतः रोह्यात गेले. केंब्रिज येथे १९१७ मध्ये त्यांनी निसर्गविज्ञानाची परीक्षा दिली. त्यांचे विषय वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र असे तीन होते. त्यांनी यांपैकी एकाही विषयावर उपजीविका केली नाही. ते सनदी सेवेत गेले, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५६ ते १९६१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष राहिले. त्याच आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी शिक्षणाच्या आराखड्यात मेजर व मायनर यांची रीतसर मांडणी केली. दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही, तरी रोह्याच्या वाचकाला हा योगायोग रोचक वाटावा.

परिसरातील कारखानदारी आणि पहिल्या वर्षाची पुस्तिका

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. त्यानंतरच्या दशकांत कुंडलिका नदीकाठी धाटाव येथे रंगद्रव्ये, कीटकनाशके आणि मध्यवर्ती रसायने बनविणारे कारखाने उभे राहिले. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी कुंडलिकेला बारमाही वाहते ठेवते, हे या स्थळाचे मोठे आकर्षण होते. १९९० च्या सुमारास रोहा तालुक्यातील नागोठणे येथे इंडियन पेट्रोकेमिकल्सचा वायुभंजन प्रकल्प सुरू झाला. मुंबई हायच्या वायूतील इथेन-प्रोपेनपासून तेथे इथिलीन आणि त्यापासून प्लास्टिक तयार होऊ लागले. पेण तालुक्यातील डोलवी येथे नैसर्गिक वायूच्या साहाय्याने लोहखनिजाचे क्षपण करून स्पंज आयर्न तयार करणारा कारखाना आला. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. तेथे रासायनिक आणि पेट्रोरसायन अभियांत्रिकीच्या शाखा निघाल्या, हे या पार्श्वभूमीवर स्वाभाविक होते.

परंतु कारखान्यात केवळ रासायनिक अभियंते काम करीत नाहीत. बाष्पक सांभाळणारा यांत्रिकी शाखेचा असतो, संच नियंत्रणाची जबाबदारी उपकरणशास्त्र शाखेकडे असते, सांडपाण्याच्या टाक्या स्थापत्य शाखेचा अभियंता बांधतो. मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष अभियांत्रिकीत 'अप्लाइड केमिस्ट्री' हा विषय दीर्घकाळ सर्व शाखांना समान होता. पाण्याचा कठीणपणा व तो काढण्याच्या पद्धती, बहुवारिके, वंगणे, इंधने, सिमेंट, मिश्रधातू, गंजणे, हरित रसायन ही त्यातील प्रकरणे. रोह्यातून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेचा प्रवासी बाहेर पाहील तर खाऱ्या वाऱ्याने खाल्लेले लोखंड, म्हणजे 'गंजणे' हे प्रकरण, त्याला जागोजागी दिसेल. धाटावच्या बाष्पकात साचणारी पापुद्री म्हणजे 'पाण्याचा कठीणपणा', डोलवीची भट्टी म्हणजे 'इंधने', नागोठण्याचे दाणे म्हणजे 'बहुवारिके'. ती पुस्तिका जणू या परिसराचाच नकाशा होती. दोष आशयाचा नव्हता. विषय ज्या वयात आणि ज्या घाईने शिकविला जाई त्याचा तो दोष होता. बाष्पकाशी गाठ पडण्यापूर्वीच विद्यार्थी त्याच्या पाण्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन मोकळा झालेला असे.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. १९८९ मध्ये घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांसंबंधीचे नियम आले. कायद्याने अभियंत्याकडून रसायनाच्या जाणिवेची अपेक्षा वाढविली. त्याच काळात अभ्यासक्रमातील रसायनशास्त्राचे तास मात्र वाढले नाहीत. प्रदूषित नदीपट्ट्यांच्या केंद्रीय यादीत कुंडलिकेचे नाव यावे आणि तिच्या काठच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्थापत्य पदवीधराने प्राणवायूच्या जैवरासायनिक मागणीचा शेवटचा विचार पदवीकाळातील एखाद्या सत्रात केलेला असावा, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मायनर : संधी आणि वास्तव

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीचे श्रेयांक १६० वर आणले आणि सुमारे २० अतिरिक्त श्रेयांक मिळविणाऱ्यास मायनरची मुभा दिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये केलेल्या रचनेत बहुविद्याशाखीय मायनर पदवीचाच भाग झाला व त्यासाठी १४ श्रेयांक राखण्यात आले. जे पूर्वी हौशी विद्यार्थ्याचे जादा काम होते ते आता सर्वांचे झाले, हा बदल लहान नाही.

प्रश्न निवडीचा आहे. परिषदेने मायनरसाठी पुढे केलेल्या विषयांत कृत्रिम बुद्धिमत्ता, विदाविज्ञान, सायबर सुरक्षा, यंत्रमानवशास्त्र अशा नवोदित क्षेत्रांचा भरणा होता. संगणक प्रयोगशाळेत चालणारा विषय महाविद्यालयाला परवडतो. रसायनाची प्रयोगशाळा मात्र अभिकारके, धूरकक्ष आणि साहाय्यक मागते. शिवाय अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे अध्यापक उपयोजित विज्ञान विभागात असतात आणि त्यांचा कार्यभार प्रथम वर्षापुरता असतो. वरच्या वर्गांना चार सत्रे सलग शिकविण्याची सवय ना त्यांना, ना वेळापत्रकाला. प्रवेशाच्या पातळीवरही भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य आणि रसायनशास्त्र पर्यायांपैकी एक, अशी अर्हता काही काळ होतीच. २०२१ मध्ये परिषदेने १४ विषयांपैकी कोणतेही तीन चालतील असे म्हटले तेव्हा झालेल्या वादात चर्चा मुख्यतः गणिताची झाली. रसायनासाठी फारसे कोणी भांडले नाही. 'मायनर' या शब्दाला मराठीत 'गौण' म्हणण्याचा मोह म्हणूनच टाळावा, कारण गौणत्व आधीच पुरेसे झाले आहे.

असा मायनर कसा असावा याचे उत्तर पेणमध्ये शोधता येते. पेण आणि हमरापूर परिसरातील मूर्तिकार शाडूबरोबर प्लास्टर ऑफ पॅरिस वापरत आले. जिप्समला सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की हे प्लास्टर मिळते आणि पाणी लागताच ते पुन्हा जिप्सम बनते. जिप्सम पाण्यात फार थोडे विरघळते, म्हणून विसर्जनानंतर मूर्ती तशीच पडून राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या अधिक कडक केल्या. पेणच्या कारागिरांपुढे त्यामुळे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. दरम्यान पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती विसर्जित करण्याचा मार्ग सुचविला. त्यातून कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ आणि अमोनियम सल्फेटचे द्रावण, म्हणजे खत, मिळते. जिप्समपासून अमोनियम सल्फेट मिळविण्याचे तत्त्व नवे नाही. सिंदरीच्या खत कारखान्याने १९५१ पासून त्याच जातीची अभिक्रिया अमोनियम कार्बोनेट वापरून मोठ्या प्रमाणावर चालविली होती.

घरातील बादलीत हे सहज जमते. गावाच्या विसर्जन हौदात ते करावयाचे तर किती बायकार्बोनेट लागेल, द्रावण कशाने ढवळावे, सुटणारा कार्बन डायऑक्साइड व अमोनियाचा वास यांची व्यवस्था काय, मूर्तीवरील रंगांतील धातू गाळात उतरतात की खतात, हौदाच्या काँक्रीटवर सल्फेटचा परिणाम किती वर्षांत दिसेल, हे प्रश्न येतात. यांतील शेवटचा प्रश्न स्थापत्य अभियंत्याचा, ढवळण्याचा यांत्रिकी अभियंत्याचा, आणि सर्वांच्या मुळाशी असलेले समीकरण रसायनशास्त्राचे. चौदा श्रेयांकांपैकी एका प्रकल्पाचे श्रेयांक या एका हौदावर सहज खर्ची पडतील, आणि त्यासाठी लागणारी सामग्री पेणच्या प्रत्येक कारखान्याच्या दाराशी पोत्यांत भरून ठेवलेली असते.